दांपत्यसुख : चळवळीने टाळलेला प्रश्न

(डोंबिवली येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'कुटुंब आणि समाजवाद' हा विषय संयोजकांनी मला दिला आहे. कुटुंबातील स्वयंपाकघराविषयी आपण पुष्कळ बोललो. वारसाहक्क, हुंडा, घरकामाचे मोल या प्रश्नांवर परिषदा भरवल्या, ठराव केले. शेजघराच्या दाराशी आले की मात्र आपली पुरोगामी मंडळी खाली मान घालून पुढे जातात. ते खाजगी, आपला त्याच्याशी काय संबंध, असे म्हणतात. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. ज्याला जागा लागते, वेळ लागतो, ज्ञान लागते आणि जे समाजात विषम प्रमाणात वाटले गेलेले असते, त्याला केवळ खाजगी म्हणणे माझ्या शास्त्रात बसत नाही.

महाराष्ट्राला तर या मौनाची सबब सांगण्याचीही सोय नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले होते. म्हणजे या एका बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो. या कामापायी कर्व्यांची विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना सरळ उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ च्या त्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. पुढे १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा प्रश्न मुंबई विधिमंडळात नेला आणि सभागृहाने तो फेटाळला. एका मजूर पक्षाला हा कष्टकऱ्यांचा प्रश्न वाटला, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कर्व्यांच्या मांडणीचे दोन भाग होते. मुले किती व्हावीत हे स्त्रीच्या हाती असावे, हा एक. आणि कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच अधिकार आहे, हा दुसरा. सरकारने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा त्यांच्या विचारातला पहिला भाग उचलला, तोही स्त्रीच्या अधिकारासाठी नव्हे, लोकसंख्येच्या हिशेबासाठी. दुसरा भाग तसाच पडून राहिला.

हिशेब माणसावर स्वार झाला की काय होते ते आपण आणीबाणीत पाहिले. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या आसपास नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. आपले अनेक सहकारी तेव्हा तुरुंगात होते. त्या सक्तीला आपण विरोध केला तो योग्यच होता. परंतु तिचा जो पुढचा परिणाम झाला त्याकडे आपले लक्ष गेले नाही. सरकार पुरुषाच्या वाटेला जाण्याचे टाळू लागले आणि सगळा भार बाईवर टाकून मोकळे झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील वापराच्या वयातल्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३८ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली, तर पुरुष नसबंदीचे प्रमाण ०.३ टक्के! महाराष्ट्रात स्त्रियांचा आकडा निम्म्याच्या घरात जातो. वास्तविक पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावे लागत नाही, पुरुषत्वात काडीचाही फरक पडत नाही. तीन महिने अन्य साधन वापरावे लागते आणि मग तपासणी करून घ्यावी लागते, इतकेच. स्त्री-पुरुष समतेवर भाषणे देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ती करून घेतली, हा प्रश्न मी येथे विचारत नाही; घरी गेल्यावर आपापल्या पत्नीने विचारावा.

आता आपल्या या परिसराकडे येतो. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळीतून माणसे ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे का आली? भाडे आणि पागडी परवडेना, हे खरे. पण त्याहून एक नाजूक कारण होते, आणि ते कोणत्याही अहवालात सापडत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आईवडील, दोन भाऊ, लग्नाची बहीण. मुलाचे लग्न झाले की नव्या जोडप्याला रात्रीपुरते स्वयंपाकघर मिळे, आणि मोरीकडे जाणाऱ्याला त्यांच्या अंथरुणावरून जावे लागे. कूस बदलली तरी भांडे वाजेल ही धास्ती. अशा जोडप्यांनी डोंबिवलीत दीड खोली घेतली ती मुख्यतः एका दाराच्या कडीसाठी. मी याला एकांताची खरेदी म्हणतो. तिची किंमत मात्र पैशापेक्षा वेळात अधिक मोजावी लागली. डोंबिवलीहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत गाडीत एक तासाहून अधिक जातो; फलाटावरची वाट, रिक्षाची रांग आणि चुकलेली जलद गाडी धरली तर घरून निघाल्यापासून परतेपर्यंत बारा-तेरा तास सहज होतात. बायका येताना गाडीतच भाजी निवडतात, त्याचे आपण कौतुक करतो. कौतुक कसले? घरी पोचल्यावर श्वास घ्यायलाही उसंत नाही, याची ती कबुली आहे. पहाटे पाण्यासाठी उठणारी स्त्री रात्री अकराला आडवी होते तेव्हा तिला हवी असते ती झोप. दार मिळाले, कडी मिळाली, आणि कडीच्या आतला वेळ रेल्वेने आणि मालकाने वाटून घेतला. आठ तासांच्या दिवसासाठी कामगार लढले तेव्हा उरलेल्या तासांत माणसाने माणसासारखे जगावे, ही त्यामागची कल्पना होती. त्या जगण्यात प्रेमही येते, असे कोणत्या मागणीपत्रकात लिहिलेले मी पाहिलेले नाही.

घरबांधणीच्या धोरणातही हाच आंधळेपणा आहे. झोपडपट्टी पुनर्वसनाचे घर आधी २२५ चौरस फूट, मग २६९, पुढे ३०० झाले. वाद नेहमी चौरस फुटांचा. त्यात भिंती किती, म्हाताऱ्या सासूची खाट आणि सुनेचे अंथरूण यांच्यामध्ये काय आहे, हे नकाशा मंजूर करणारा पाहत नाही. मागणी करणारे आपण तरी कोठे पाहतो?

ज्ञानाचे काय? ठाण्यापासून कल्याणपर्यंत रुळांलगतच्या भिंती वाचत या. 'गुप्तरोग', 'शीघ्रपतन', 'मर्दाना कमजोरी', 'शर्तिया इलाज'. सार्वजनिक व्यवस्था ज्या जागेतून पाय काढून घेते तेथे बाजार पाय पसरतो, याचे इतके ठळक उदाहरण मला वर्गात शिकवताना कधी मिळाले नाही. २००७ साली आमदारांनी गदारोळ केला आणि राज्य सरकारने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. भिंतीवरचे शिक्षण मात्र तसेच चालू राहिले. पोरवयात 'धातू जाते' या भीतीने खचणारा मुलगा त्या भिंतीलाच विद्यापीठ मानतो. वास्तविक त्यात रोग मुळीच नाही. मध्यमवयीन पुरुषाला येणाऱ्या शैथिल्यामागे पुष्कळदा मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू किंवा नुसते जागरण असते. कधी ती हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असते. तो बाबाकडून पुडी आणतो. त्या पुड्यांत कधीकधी आधुनिक औषधच बेमालूम मिसळलेले असते, आणि हृदयरोगाच्या काही गोळ्या घेणाऱ्याच्या ते जिवावर बेतू शकते. बाईची तऱ्हा आणखी वेगळी. अंगावरून पांढरे जाते, जवळीक करताना दुखते, हे ती वर्षानुवर्षे सांगतच नाही. पाळी गेल्यानंतर येणारा कोरडेपणा तर साध्या उपायांनी बरा होतो. पण 'या वयात कसले हे!' म्हणून आमच्या पिढीच्या बायकांनी तो निमूटपणे सोसला आहे.

उरला संमतीचा मुद्दा. तो मी शेवटी घेतला, कमी महत्त्वाचा म्हणून नव्हे. मनाविरुद्ध नवऱ्याकडे नांदायला जाण्यापेक्षा तुरुंग पत्करीन, असे रखमाबाईंनी मुंबईच्या न्यायालयाला १८८७ साली सांगितले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर हिंदू विवाह कायद्याचे नववे कलम नांदायला येण्याचा हुकूम मागण्याची सोय ठेवून आहे. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ६३ व्या कलमात बलात्काराची व्याख्या आहे आणि अठरा वर्षांवरील पत्नीवर पतीने केलेली बळजबरी तीत जुन्याच अपवादाने वगळली आहे. वसाहतवादी कायदे मोडीत काढल्याचा डंका पिटणाऱ्यांनी हा अपवाद मात्र जपून ठेवला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या कायद्यापुरती पतीची बळजबरीही बलात्कारात धरली. म्हणजे त्या बळजबरीतून राहिलेला गर्भ काढून घेण्याचा हक्क बाईला आहे, पण बळजबरी करणारा गुन्हेगार नाही! 'कायद्याने घरे मोडतील', असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. संमतिवयाच्या वादात, मुलीचे वय दहावरून बारा करण्यालादेखील, १८९१ साली धर्म बुडेल हीच हाकाटी झाली होती.

कार्यकर्त्यांनी करायचे काय, असे संयोजक खूण करून विचारत आहेत. कामे छोटी आहेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही आपल्या करातून चालणारी रुग्णालये आहेत. सरकारी योजनेत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने लैंगिक आजारांवर मोफत उपचारांची व्यवस्था आहे. ती आपल्या भागात कोठे, किती वाजता चालते, हे शाखेने विचारून घ्यावे आणि स्थानकाबाहेर फलक लावावा. बाबांच्या जाहिराती आहेत त्याच भिंतीवर लावला तर उत्तम. सार्वजनिक रुग्णालयांची बाह्यरुग्ण तपासणी बहुधा सकाळी असते, आणि त्या वेळी आपला नोकरदार माणूस कुर्ल्याच्या पुढे लोंबकळत असतो. तेव्हा जोडप्यांना एकत्र येता येईल असा रविवारचा दवाखाना, त्यात एक स्त्री डॉक्टर, एक समुपदेशक आणि दार लागणारी एक खोली, एवढी मागणी दोन्ही महापालिकांच्या आयुक्तांकडे लेखी द्यावी. निवेदनाचा मसुदा मी बरोबर आणला आहे. पहिल्या सह्या पुरुष सभासदांच्या असाव्यात, अशी माझी सूचना आहे.