नेपथ्य शाखा आणि विसरलेले ड्रिल
(सुवर्णमहोत्सवाच्या सांगता समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी थोरामोठ्यांनी पुष्कळ सांगितले. आमच्या वाट्याला नेपथ्य शाखा आली आहे. प्रेक्षकांना दिसू नये हेच ज्यांचे कर्तव्य, त्यांनी ध्वनिक्षेपकापुढे उभे राहणे तसे अवघडच. म्हणून एकच प्रसंग सांगून आम्ही आपली रजा घेणार आहोत.

१९९१ सालच्या डिसेंबरात आपला नाट्यसंच जबलपूरहून इटारसीमार्गे भोपाळला प्रयोगासाठी गेला. देवदारच्या पट्ट्यांच्या चौकटी, त्यांवर ताणलेले मांजरपाट आणि उघडझाप होणारे एक दार, असा आमचा दिवाणखाना. चौकटी नटबोल्टांनी जोडायच्या, प्रयोग संपला की सोडवायच्या आणि गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवायच्या. भोपाळला पोहोचल्यावर ध्यानात आले की, रंगमंच कळवलेल्या मापापेक्षा दीड फुटाने अरुंद आहे. चौकटी कापून नवी भोके पाडणे प्राप्त होते. भोके चोवीस, प्रत्येक तीन सुती. पडदा सायंकाळी साडेसहाला. आम्ही पेटी उघडली. करवत होती, रंधा होता, पटाशी होती. विजेचे ड्रिल तेवढे नव्हते.

ते ड्रिल आम्ही वर्गणी काढून घेतले होते आणि त्यावर आमचा भारी जीव. विजेच्या ड्रिलचे पेटंट १८८९ साली मेलबर्नला घेतले गेले. १८९५ साली जर्मनीतील फाइन यांच्या कारखान्याने ते हातात धरता येईल असे केले. आमच्या हाती ते यायला पुढे बरीच दशके लागली, पण एकदा आल्यावर त्याविना आमचे पानही हलेना. त्यात तो दिवस रविवार, बाजार बंद. साहित्याची वही सांभाळणारा आमचा सर्वांत धाकटा सहकारी, कॉलेजात शिकणारा मुलगा. सर्वांनी त्याच्यावर तोंडसुख घेतले. “ड्रिल कपाटात नव्हतं. मला वाटलं, तुमच्यापैकी कोणी बरोबर घेतलं असेल,” एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

यजमानांच्या सभागृहाची डागडुजी करणारे एक वृद्ध मिस्त्री आमचा गोंधळ पाहत होते. ते घरी जाऊन आपले हातगिरमिट घेऊन आले. वर लाकडी मूठ, मध्ये वाकडा दांडा, खाली पीळदार पाते. त्यांच्या भाषेत तो बरमा. आम्ही अधीरपणे हात पुढे केला, तर ते म्हणाले, “पहले निशान तो ठीक लगाइए, बाबूजी.”

त्यांनी गुण्या लावून खुणा केल्या. जोडीच्या दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून शिकंज्यात आवळल्या आणि दोन्हींतून एकदमच भोक पाडले, म्हणजे चुकामुकीला जागाच नको. पात्याचे टोक पलीकडे डोकावताच थांबायचे, लाकूड उलटायचे आणि त्या बाजूने भोक पुरे करायचे. मग कडेचा टवका उडत नाही. चौथ्या भोकानंतर गिरमिट आमच्या हाती आले. तळहाताला फोड आले, पण सहाच्या सुमारास चोविसावा बोल्ट नुसत्या बोटांनी आत गेला.

तेव्हा एक गोष्ट उमजली. आमची भोके आजवर कधी जुळलीच नव्हती. जुळले नाही की ड्रिल फिरवून भोक मोठे करायचे, ही आमची रीत. त्यामुळे बोल्ट सैल राहत आणि नायकाने रागाने दार लोटले की सगळा दिवाणखाना थरथरे. आम्ही खापर फोडत होतो देवदारावर! त्या रात्री दार दाणकन आपटले आणि भिंत जागची हलली नाही. ड्रिलच्या वेगाने आमची खुणांतली हयगय इतके दिवस झाकून ठेवली होती.

एवढ्यावर थांबलो असतो तर भाषण बरे झाले असते. पण अजून एक हयगय सांगायची राहिली आहे, आणि या पुढच्या वाक्यांतले ‘आम्ही’ म्हणजे नेपथ्य शाखा नव्हे.

मुलीच्या बारशाच्या आदल्या दिवशी, घरच्या तुळईला पाळण्याची कडी बसवण्यासाठी, वहीत न लिहिता ते ड्रिल आम्ही घरी नेले होते. भोपाळला पेटी उघडली त्याच क्षणी ते आम्हाला आठवले. तो मुलगा बोलणी खात असताना आम्ही मान खाली घालून पट्ट्या मोजत होतो. परतल्यावर ड्रिल गुपचूप कपाटात ठेवले. ते सापडले तेव्हा ‘नीट पाहिले नव्हतेस’ म्हणून त्याला पुन्हा ऐकावे लागले. त्याने वही परत केली. पडद्याची दोरी मात्र सोडली नाही. तेहतीस वर्षांहून अधिक काळ आम्ही शेजारी शेजारी काम केले आणि एवढे एक वाक्य आमच्या तोंडून निघाले नाही.

आजही तो विंगेत उभा आहे. बाबा रे, तुझी वही बरोबर होती. चूक आमची होती. घरापासून इतक्या दूर एकमेकांच्या आधाराने राहणाऱ्या आपण माणसांनी असे हिशेब उघडे ठेवू नयेत, म्हणून सर्वांसमक्ष तुझी क्षमा मागतो.

ड्रिल अद्याप चालते. ज्यांना हवे असेल त्यांनी अवश्य न्यावे. पण वहीत लिहून न्यावे.