डॉल्फिन : करमणूक आणि कर्तव्य



डॉल्फिन हा मासा नव्हे. फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलांना दूध पाजणारा तो सस्तन प्राणी आहे. कळपाने राहणारा हा जीव दिवसाकाठी कित्येक किलोमीटर संचार करतो आणि स्वतः काढलेल्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्याचा व मार्गाचा वेध घेतो. न्यूयॉर्क येथील मत्स्यालयातील दोन डॉल्फिन आरशात स्वतःला ओळखतात, असा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात काढण्यात आला. अशा प्राण्याची शिकार करणे किंवा त्याला तलावात कोंडून खेळ करावयास लावणे कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न म्हणूनच केवळ भूतदयेचा राहत नाही.

जपानच्या वाकायामा प्रांतातील ताइजी या लहानशा गावामुळे हा प्रश्न जगापुढे आला. तेथे दरवर्षी सप्टेंबरपासून काही महिने डॉल्फिनच्या शिकारीचा हंगाम चालतो. रानात हाकारे घालून सावज उठवावे, तसाच हा प्रकार होय. नावा समुद्रात रांगेने उभ्या राहतात. पाण्यात सोडलेल्या धातूच्या नळ्यांवर हातोड्याने प्रहार केले जातात. ध्वनीच्या आधारे वाट काढणारा कळप त्या आवाजाने भांबावून किनाऱ्याकडे पळतो आणि खाडीत जाळ्यांनी कोंडला जातो. त्यांतील काही प्राणी मत्स्यालयांसाठी निवडले जातात. अनेक मांसासाठी मारले जातात. 'द कोव्ह' या अनुबोधपटाने २००९ मध्ये हे दृश्य जगाला दाखविले.

ताइजीच्या रहिवाशांचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. व्हेलची शिकार हा त्या गावाचा सतराव्या शतकापासूनचा व्यवसाय आहे. गायी आणि डुकरे मारून खाणाऱ्या देशांनी आपणांस नीती का शिकवावी, असे ते विचारतात. या प्रश्नात तथ्य आहे. परंतु शिकविलेल्या जिवंत डॉल्फिनला मांसाच्या कित्येक पट किंमत मिळते. म्हणजे या शिकारीला परंपरेइतकाच आधार दूरच्या शहरांत विकल्या जाणाऱ्या तिकिटांचा आहे. २०१५ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने जपानी संघटनेचे सदस्यत्व स्थगित केले. तेव्हा जपानी संघटनेने अशा शिकारीतील डॉल्फिन घेण्यास आपल्या सदस्यांना मनाई केली. खेळ पाहणारा प्रेक्षक स्वतः भाला उचलत नाही, पण शिकारीचा खर्च तो भागवीत असतो.

भारतालाही याचा अनुभव आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस बल्गेरियातून चेन्नईजवळ आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. पुढे देशात डॉल्फिनच्या खेळांची केंद्रे काढण्याचे नवे प्रस्ताव आले, तेव्हा केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी परिपत्रक काढले आणि व्यापारी करमणुकीसाठी डॉल्फिन आणण्याच्या वा पकडण्याच्या प्रस्तावांना राज्यांनी मान्यता देऊ नये, असे कळविले. या परिपत्रकाने डॉल्फिनला कायद्याने 'व्यक्ती' ठरविले, असा समज पसरला आहे. तो बरोबर नाही. डॉल्फिनला मानवेतर व्यक्ती मानावे, या शास्त्रज्ञांच्या मताचा त्यात केवळ उल्लेख होता. तथापि, कोंडवाड्यातील करमणूक नैतिकदृष्ट्या अग्राह्य आहे, ही भूमिका त्यात निःसंदिग्ध होती. गंगेतील डॉल्फिनला राष्ट्रीय जलचराचा मान २००९ मध्येच मिळाला होता.

परंतु परिपत्रकाने शासनाचे काम झाले, समाजाचे नव्हे. दापोली, गुहागर, मालवण या किनाऱ्यांवर पर्यटक नावेतून डॉल्फिन पाहावयास जातात. खुल्या समुद्रातील हे दर्शन तलावातील खेळापेक्षा निश्चितच श्रेयस्कर आहे. मात्र दहा नावांनी एका कळपाला घेरले आणि यंत्रांचा गोंगाट केला, तर ताइजीच्या हाकाऱ्याचीच ती सौम्य आवृत्ती ठरेल. नावांची संख्या, वेग आणि अंतर यांची शिस्त नावाड्यांशी विचारविनिमय करून ग्रामपंचायतींनी घालून द्यावी. जाळ्यात सापडलेला संरक्षित जलचर जाळे कापून सोडून देणाऱ्या मच्छीमारास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुरू झाली. तिची माहिती प्रत्येक बंदरावर पोहोचावयास हवी. शिक्षकांनी तर मुलांना एवढेच शिकवावे की, एखादा प्राणी आपल्याला आवडतो म्हणून तो आपल्या मालकीचा होत नाही.