घरपट्टीची थकबाकी आणि लिलाव
(कर्जत व खालापूर तालुक्यांतील पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



घरपट्टीपायी मालमत्तेचा लिलाव पुकारला की थकबाकीदारास वाटते, सर्व संपले; घेणाऱ्यास वाटते, मालमत्ता स्वस्तात पदरी पडली. हे दोन्ही समज अपुरे आहेत.

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार प्रथम बिल दिले जाते. मुदतीत भरणा न झाल्यास मागणीचा लेखी हुकूम बजावला जातो. त्यानंतर ३० दिवसांनी जंगम मालमत्ता जप्त करता येते. तरीही वसुली न झाल्यास पंचायत जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू होते. जाहीरनाम्यानंतर किमान ३० दिवस लोटल्याखेरीज स्थावर मालमत्तेचा लिलाव होत नाही.

बोली जिंकणाऱ्याने २५ टक्के रक्कम जागेवरच भरावयाची असते. न भरल्यास मालमत्ता पुन्हा लिलावास निघते. परंतु जिल्हाधिकाऱ्यांनी कायम करीपर्यंत विक्री पक्की नव्हे. लिलावापासून ३० दिवसांत मालकाने थकबाकी आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के रक्कम भरून अर्ज केल्यास विक्री रद्द होऊ शकते. गंभीर अनियमितता वा फसवणूक होऊन नुकसान झाले असल्यासही त्याच मुदतीत दाद मागता येते. विक्री कायम झाल्यावर थकबाकी व खर्च वजा जाता उरलेली रक्कम मालकाची असते.

खरेदीदारानेही सावध असावे. शेतजमीन असल्यास १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ अशा लिलावासही लागू आहे. बिगरशेतकऱ्यास परवानगीवाचून ती घेता येत नाही. कातकरी व ठाकूर बांधवांच्या जमिनींवर हस्तांतरणाचे वेगळे निर्बंध आहेत.

आपल्या भागातील खरी अडचण मात्र नोटिशीच्या पत्त्याची आहे. शेतघराचा मालक मुंबईस, दार बंद. कोठे नमुना आठमध्ये अद्याप दिवंगत आजोबांचेच नाव. कागद दारावर राहतो आणि मुदत सरत जाते. म्हणून वारसनोंदी व पत्ते दरवर्षी तपासून घ्यावेत. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना नोटीस समजावून सांगण्याचे काम शिक्षकांनी करावे. कर वेळेवर वसूल व्हावा, गावाचे दिवे व पाणी त्यावर चालते; परंतु केवळ न कळल्यामुळे कोणाचे घर जाऊ नये, एवढी दक्षता आपण घेऊ या.