दात दुखायची वाट पाहू नका

बँकेत थकबाकीची नोटीस आम्ही वेळेवर धाडायचो. दात मात्र नोटीस फार उशिरा देतो! त्याच्या वरच्या कठीण कवचात, म्हणजे इनॅमलमध्ये, नसाच नसतात. म्हणून कीड लागली तरी सुरुवातीला दुखत नाही. आणि एकदा पडलेला खड्डा आपोआप भरून येत नाही. तो लहान असतानाच डॉक्टर कीड कोरून काढतात, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतात. निळ्या प्रकाशाखाली ते काही सेकंदांत कडक होतं. कीड आतल्या नसांपर्यंत गेली, की मग रूट कॅनाल. नातवंडांचे 'दुधाचे दात, पडणारच' म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढा १०-१२ वर्षांपर्यंत चावायला लागतात. गच्चीची गळती आपण पावसाळ्याआधीच बुजवतो ना? तसंच हे.