डिस्क दिसत नाही, पण गेलेली नाही

बारामतीहून भवानीनगर, निमगाव केतकीमार्गे इंदापूरला जाताना डोळ्यांत भरतो तो ऊस. पण घराघरातला चालता पैसा दुधाचा. कुणाचं दूध किती, फॅट किती, उचल किती, हे सारं आता संकलन केंद्राच्या संगणकात असतं. दहा दिवसांचा दूधपगार त्यावरूनच निघतो. माझं दुरुस्तीचं दुकान बारामतीत आहे. अलीकडे हे संगणक एकच तक्रार घेऊन येतात : प्रोसेसर बदलला आणि हार्ड डिस्क दिसेनाशी झाली.

प्रोसेसर बदलण्याचं कारण साधं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. २०१७ साली आलेले पहिल्या पिढीचे रायझन प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. मात्र त्याच मदरबोर्डवर पुढच्या पिढीचा रायझन बहुतेक वेळा बसतो. नवं मशीन घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त, म्हणून मीही तोच सल्ला देतो.

त्यासाठी आधी बोर्डाचा बायोस अद्ययावत करावा लागतो. गोम इथेच आहे. या कामात जुन्या सेटिंग्ज पुसल्या जातात आणि पुष्कळदा ‘सीएसएम’ नावाची सोय बंद होते. जुन्या, म्हणजे एमबीआर मांडणीच्या डिस्कवरची विंडोज त्या सोयीशिवाय सुरूच होत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका केंद्राच्या सचिवांना कुणीतरी सांगितलं, ‘‘डिस्क गेली, फॉरमॅट मारू.’’ पगाराला दोन दिवस उरले होते. फॉरमॅट न करता ते मशीन घेऊन माझ्याकडे आले, हे फार बरं झालं. बायोस उघडला, तर साटाच्या यादीत डिस्कचं नाव होतं, क्षमताही बरोबर होती. फक्त बूटच्या यादीत ती नव्हती. माणूस घरात आहे, मतदार यादीत नाही, तसं! सीएसएम चालू करताच विंडोज उघडली. आधी सगळ्या नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग विंडोजमधल्याच ‘एमबीआर टू जीपीटी’ या साधनानं मांडणी बदलली आणि सीएसएम पुन्हा बंद केलं. पगार ठरल्या दिवशी झाला.

डिस्क साटाच्या यादीतही नसेल, तर केबलची दोन्ही टोकं काढून पुन्हा बसवावीत. पंखा काढता-घालताना ती हमखास ढिली होतात. एम डॉट टू प्रकारची डिस्क असेल, तर प्रोसेसरकडे बघावं. या बोर्डांवर तिची मुख्य खाच थेट प्रोसेसरला जोडलेली असते. प्रोसेसरच्या शेकडो पिनांपैकी एखादी वाकली, तरी ती खाच मुकी होऊ शकते. जुनी पेस्ट वाळली की हीटसिंकबरोबर प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करावं, बंद करून वायर काढावी, मग हीटसिंक हलका पिळत उचलावा.

आणखी एक. नव्या प्रोसेसरवर पहिल्यांदा मशीन चालू केलं, की काही बोर्ड ‘एफटीपीएम’ पुसण्यासाठी वाय दाबायला सांगतात. डिस्कला बिटलॉकरचं कुलूप असेल, तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय वाय दाबू नका. ४८ अंकी आकडा आहे तो. कागदावर लिहून कपाटात ठेवा. त्याच संगणकात जपून ठेवलेली की मी दोनदा पाहिली आहे.