सेवेची जवारी

महाराष्ट्राच्या सर्व जिल्ह्यांतून व गोमंतकातून आलेल्या माझ्या परिचारिका भगिनींनो व बंधूंनो,

ज्या मिरज गावात सुमारे चाळीस वर्षांपूर्वी पत्र्याची एक पेटी आणि आईने बांधून दिलेली वळकटी घेऊन मी दीड वर्षाच्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमासाठी मोटारअड्ड्यावर उतरले, त्याच गावाच्या वतीने या परिषदेत आपणा सर्वांचे स्वागत करण्याचा मान आज मला लाभला आहे, आणि तो मी माझ्या एकटीचा न मानता, पहाटेची पाळी संपवून थेट या मांडवात आलेल्या व आपल्या पानांची, पाण्याची, निवासाची व्यवस्था पाहणाऱ्या माझ्या सर्व सहकारिणींचा मान मानते. स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करते.

मिरजेला लोक आरोग्याची पंढरी म्हणतात. विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यविशारदाने १८९४ साली येथे रुग्णालय उघडले, आणि तेव्हापासून कोकणातून घाट चढून, कर्नाटकातून रेल्वेने, माणदेशातून बैलगाडीने येणाऱ्या दुखणाइतांची रांग या गावाने कधी खुंटलेली पाहिली नाही. परंतु या गावाची दुसरीही एक ओळख आहे, आणि पुढील शिक्षण आणि सेवेतील वाटचाल या आजच्या आपल्या विषयाशी तिचा संबंध मला अधिक निकटचा वाटतो. येथील तंतुवाद्यांचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या सतार आणि तंबोरे घडवीत आले आहेत. त्यांच्या पेठेतून जाताना मी पुष्कळदा थांबून पाहिले आहे : नव्या तंबोऱ्यापेक्षा जुना तंबोरा दुरुस्तीला अधिक येतो. वर्षानुवर्षे वाजलेल्या तंबोऱ्याच्या घोडीवर तारांचे चरे पडतात, सूर दबका होतो, आणि मग कारागीर तारा उतरवून, घोडी हलक्या हाताने घासून, पुन्हा तार चढवून, कानाशी धरून, परत उतरवून, दिवसभर एकच काम करीत राहतो. त्याला ते जवारी काढणे म्हणतात. तंबोरा तोच, भोपळा तोच. परंतु जवारी निघाली की ताराच नव्हे तर सारी खोली बोलू लागते. परिचारिकेचेही तसेच आहे. दीर्घ सेवेने हात सराईत होतात हे खरे, पण त्याच सेवेने त्यांच्यावर चरेही पडतात. आणि ते चरे काढण्याचे काम पुढील अध्ययन करते, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

आपल्या व्यवसायाने विद्येचा हा हक्क सहजासहजी मिळवलेला नाही. पुण्यात प्लेगने थैमान घातले असता रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः त्या साथीला बळी पडलेल्या सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्यापाशी परिचर्येचा कोणताही दाखला नव्हता, होते ते केवळ धैर्य. पुढे १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले, आणि विधवा स्त्रियांनी रुग्णशुश्रूषेचे रीतसर शिक्षण घ्यावे म्हणून रमाबाई रानड्यांनी ज्या काळी मने वळवली, त्या काळी परपुरुषाच्या जखमेला हात लावणे हे कुलीन घरातील स्त्रीच्या दृष्टीने पाप समजले जात होते. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला तेव्हा त्रेचाळीस हजार लोकसंख्येमागे एक परिचारिका असे आपल्या देशाचे प्रमाण त्यात नोंदले गेले. आणि त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवीशिक्षण सुरू झाले. १९५९ साली दिल्लीत पदव्युत्तर शिक्षणाचा आरंभ झाला, १९६४ साली मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय उभे राहिले, आणि १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. सावित्रीबाईंच्या धैर्याला ज्या शास्त्राची जोड मिळू शकली नाही, ते शास्त्र आज आपल्यापैकी प्रत्येकीच्या दाराशी येऊन उभे आहे.

या विद्येचे मोल मला ग्रंथांतून नव्हे, एका रात्रीतून कळले. आणि ती रात्र सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. जत तालुक्यातील एका उपकेंद्रावर मी नव्यानेच रुजू झाले होते. गावापासून दूर एका वस्तीवर वीस-एकवीस वर्षांच्या सुनेचे बाळंतपण मी केले; बाळ रडले, वार पडली, आणि मी हात धुण्यासाठी वळते न वळते तोच तिची सासू म्हणाली, “नर्सबाई, पोरगी पांढरीफटक पडाय लागलीया.” कंदील जवळ घेतला, तर गोधडीखालून रक्ताचा ओघळ सारवलेल्या भुईवर आलेला. पोटावर हात ठेवला, आणि जेथे नारळासारखा टणक गोळा लागावयास हवा, तेथे मळलेल्या कणकेसारखे मऊ काहीतरी लागले. मी शिकवल्याप्रमाणे चोळू लागले, मेथर्जिनचे इंजेक्शन दिले, बाळाला तिच्या छातीशी लावले, आणि पुन्हा चोळीत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू तो गोळा माझ्या तळव्याखाली आवळला, ओघ थांबला, आणि पहाटे जीप मिळाल्यावर तिला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवता आले. ती जगली. परंतु त्या रात्री माझ्या हातांनी जे केले ते का केले, हे कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

ते मला दहा-बारा वर्षांनी कळले. मधल्या काळात सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्येचा अभ्यासक्रम पुरा करून मी जिल्ह्याच्या रुग्णालयात अधिपरिचारिका झाले होते, आणि त्यानंतर पदवीच्या वर्गात, डोक्यावरचे काही केस पांढरे झाल्यावर, पुन्हा बाकावर बसले होते. आमच्या बाईंनी फळ्यावर गर्भाशयाच्या स्नायूंचे चित्र काढले : चटईच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले तंतू, आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या. स्नायू आवळला की प्रत्येक तंतू आपल्या शेजारच्या रक्तवाहिनीला जिवंत गाठ मारतो. स्नायू सैल राहिला की गाठ बसत नाही आणि रक्त वाहत राहते. मला त्या क्षणी वस्तीवरचा कंदील आठवला, आणि माझ्या हातांना प्रथमच दृष्टी आली असे वाटले. त्यानंतर मी शिकवलेल्या प्रत्येक मुलीला चोळायचे कसे याच्या आधी का चोळायचे हे सांगितले आहे.

म्हणून तरुण भगिनींना माझे सांगणे आहे की आपल्या शिक्षणाची पायरी ही शेवटची पायरी मानू नका. साहाय्यक परिचारिकेला तीन वर्षांच्या पदविकेची वाट आहे. पदविकाधारक परिचारिकेला दोन वर्षांच्या पदवीची. पदवीधरांना एका वर्षाच्या अनुभवानंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची, आणि त्यापुढे विद्यावाचस्पतीची. जिला वर्गापेक्षा रुग्णशय्याच प्रिय आहे, तिच्यासाठी अतिदक्षता, कर्करोग, नवजात अर्भक, मनोविकार, शस्त्रक्रियागृह अशा विशेष परिचर्येचे एका वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. आणि हे शिक्षण केवळ आपल्या नावापुढील अक्षरे वाढवण्यासाठी नाही. युरोपातील नऊ देशांमधल्या तीनशे रुग्णालयांचा अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला; शस्त्रक्रिया झालेल्या चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर असे दिसले की, पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी अधिक असेल तेथे तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी होती, आणि एका परिचारिकेवर एकेक रुग्णाचा भार जसा वाढत गेला तशी ती शक्यता तितकीच वाढली. शिक्षण आणि मनुष्यबळ ही परस्परांची बरोबरी करणारी दोन औषधे आहेत. एकाच्या नावाखाली दुसरे नाकारता येत नाही.

आता जागा बदलण्याविषयी. आपल्यातील पुष्कळजणी नोकरी बदलणे ही कृतघ्नता समजतात, आणि काहीजणी दर सहा महिन्यांनी पगाराचा आकडा पाहून दालन बदलतात. या दोन्ही वाटा मला इष्ट वाटत नाहीत. एखाद्या विभागाने आपल्याला जे शिकवायचे ते शिकवून झाले, आणि आपलेही त्या विभागाला काही देऊन झाले, म्हणजे हलण्याची वेळ आली असे समजावे. उपकेंद्रावर काम केलेली परिचारिका अतिदक्षता विभागात आली की, रुग्ण घरी कोणत्या छपराखाली परतणार आहे याचे भान ती बरोबर आणते. अतिदक्षता विभागातून अध्यापनाकडे गेलेली पाठ्यनिर्देशिका पुस्तकातील वाक्यात प्राण ओतते. योग्य मोबदला मागण्यात कोणताही कमीपणा नाही. ज्या घराला आपला पगार आधार आहे त्या घराचे ऋणही सेवेइतकेच पवित्र आहे. मात्र जाताना आपल्या रुग्णांचा कार्यभार नीट सोपवून, नोंदी पुऱ्या करून, रीतसर कार्यमुक्त होऊन जावे.

परदेशी जाणाऱ्या भगिनींनाही हेच सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, आणि खेड्यापाड्यांतील मुली जर्मन भाषेची पुस्तके हातात घेऊ लागल्या, याचा मला आनंद आहे. पण भाषेची परीक्षा ही वाटेतली अडचण समजू नका. वेदना कोठे आहे हे रुग्णाने सांगावे आणि आपल्याला ते उमजू नये, यासारखी दुसरी उपेक्षा नाही. दलालाच्या हाती रक्कम आणि मूळ प्रमाणपत्रे देण्याआधी आपल्या वडीलधाऱ्या सहकारिणीला एकदा विचारा.

परंतु सारी जबाबदारी परिचारिकेच्या शिरावर टाकून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. माझ्या अध्ययन रजेचा अर्ज एका कार्यालयात अडीच वर्षे पडून होता. तीनदा त्रुटी काढून परत आला, आणि मंजुरीचा हुकूम निघाला तेव्हा त्या वर्षीच्या प्रवेशाची मुदत टळून गेली होती. पुढच्या वर्षी परीक्षेच्या दिवसांत माझ्या रात्रपाळ्या माझ्याहून वयाने मोठ्या असलेल्या एका परिसेविकेने स्वतःच्या अंगावर घेतल्या, म्हणून मी आज आपल्यासमोर उभी आहे. एका तरुण मुलीचे शिक्षण असे शेजारणीच्या जागरणावर अवलंबून राहू नये. अध्ययन रजेच्या अर्जाचा निकाल ठरावीक मुदतीत लागावा, नोकरी सोडू पाहणाऱ्या परिचारिकेची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा शिरस्ता खाजगी संस्थांनी कायमचा बंद करावा, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेल्या परिचारिकेची सेवाज्येष्ठता शून्यावर येऊ नये, एवढी तजवीज तरी व्हावी.

याहून मूलगामी प्रश्न बढतीचा आहे. अधिपरिचारिकेची परिसेविका होते, परिसेविकेची अधिसेविका होते, आणि प्रत्येक पायरीगणिक तिच्या हातातील नाडी सुटून तेथे हजेरीपत्रक येते. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन विदुषीने १९८४ साली नवशिकीपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंतच्या पाच अवस्था मांडल्या. त्यातील पाचव्या अवस्थेला पोहोचलेल्या परिचारिकेला यंत्राची घंटा वाजण्याआधी रुग्णाच्या चेहऱ्यावरून संकट कळते. अशा परिचारिकेला मान आणि वेतन द्यायचे तर तिला रुग्णापासून उठवून टेबलामागे बसवावे लागते, ही आपल्या व्यवस्थेची फार मोठी नासाडी आहे. रुग्णशय्येपाशी राहूनच वरच्या हुद्द्यावर जाता येईल अशी पदे निर्माण व्हावीत. १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा २०२३ साली झाला आहे; या नव्या घडीत आपला हा आग्रह नोंदला जावा, म्हणून या परिषदेने तसा ठराव करावा, अशी मी अध्यक्ष महोदयांना विनंती करते.

आमच्या व्यवस्थेत उणिवा राहिल्या असतील. आपल्यापैकी अनेकजणी रात्रपाळी संपवून, झोप न घेता प्रवास करून आल्या आहेत, त्यांना पुरेशी विश्रांती देता आली नाही याची आम्हांला जाणीव आहे. त्या उणिवा आपण पोटात घालाव्यात. सवड मिळाल्यास सायंकाळी तंतुवाद्यांच्या पेठेत अवश्य फिरून या, आणि एखादा कारागीर जवारी काढीत बसलेला दिसला तर घटकाभर थांबा.

शेवटी एकच मागणे मागते. येथून परत गेल्यावर आपल्यापैकी जिला शक्य आहे तिने पुढील शिक्षणाचा अर्ज या महिनाअखेरच्या आत भरावा; आणि वयाने, संसाराने किंवा परिस्थितीने जिला ते शक्य नाही, तिने आपल्या विभागात शिकणारी धाकटी कोण आहे ते पाहावे, आणि परीक्षेच्या दिवसांत तिची एक रात्रपाळी आपल्या अंगावर घ्यावी.