एकवीस वर्षांत फक्त दहा हार


आज ऐकूया जपानच्या एका सुमो पैलवानाविषयी.
त्याचं नाव, रायदेन तामेएमोन.

रायदेन जन्मला 1767 साली,
शिनानो प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या घरी.
तो सोळा वर्षांचा असेल,
तेव्हा जवळचा आसामा ज्वालामुखी फुटला.
शेतं राखेखाली गेली. दुष्काळ पडला.
पुढे रायदेन एदोला आला.
एदो म्हणजे आजचं टोकियो.
तानिकाझे या थोर पैलवानानं त्याला तयार केलं.
मात्सुएच्या सरदारानं आश्रय दिला.

1790 साली तो मोठ्या आखाड्यात उतरला.
आणि एकवीस वर्षं लढत राहिला.
अडीचशेहून जास्त कुस्त्या जिंकला.
आणि हरला किती?
फक्त दहा.
हो, श्रोतेहो,
एकवीस वर्षांत फक्त दहा हार!

ओझेकी ही तेव्हाची सर्वांत वरची पायरी.
ती त्यानं गाठली.
पण योकोझुना हा खास मान त्याला कधीच मिळाला नाही.
का, यावर जाणकार आजही वाद घालतात.
मला वाटतं,
त्यानं रायदेनची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

मला त्याची वही फार मोलाची वाटते.
रायदेनला लिहिता-वाचता येत होतं.
आपल्या दौऱ्यांची टिपणं तो ठेवायचा.
1804 साली किसाकाताला मोठा भूकंप झाला.
त्यानंतर रायदेन त्या वाटेनं गेला.
पडलेल्या भिंती,
कोसळलेली घरं,
फुटलेल्या दगडी मूर्ती,
सगळं त्यानं लिहून ठेवलं.

1811 साली त्यानं आखाडा सोडला.
त्याच्या दौऱ्यांची ती टिपणं
आज अभ्यासक आवर्जून वाचतात.